अर्जातले एक वाक्य

मागच्या वर्षी आमच्या मुलुंड पूर्वेच्या भागात एक अर्ज घरोघर फिरला. आमच्या भागात प्रकल्पबाधितांसाठी मोठी वसाहत उभारण्याची जी योजना आहे, तिला आमचा विरोध आहे, अशा अर्थाचा तो अर्ज होता. त्यावर आमच्या इमारतीतल्या सगळ्या बिऱ्हाडांच्या सह्या झाल्या. आजीने थरथरत्या हाताने केली, बाबांनी ऑफिसातून आल्यावर उभ्या उभ्या केली आणि मीही केली. पण माझा त्या अर्जाशी संबंध केवळ सहीपुरता नव्हता. तो अर्ज मीच लिहिला होता.

रहिवाशांच्या समितीत शेजारचे एक काका आहेत. ते एका रात्री घरी आले आणि म्हणाले, "तू मराठी घेऊन बी.ए. करतेस ना? मग आम्हाला जरा ठसठशीत मराठीत लिहून दे. वाचणाऱ्याला झोंबले पाहिजे." मला अर्थातच आनंद झाला. आपल्या विषयाचा कुणाला उपयोग होतो, असा अनुभव मराठीच्या विद्यार्थ्याला फारसा येत नाही. मी दोन रात्री जागून अर्ज लिहिला. त्यात एक वाक्य असे होते : "अर्धे शतक शहराचा कचरा आमच्या माथी मारला, आता शहराची माणसेही आमच्या माथी मारू नयेत." हे वाक्य सगळ्यांना फार आवडले. सभेत ते दोनदा वाचले गेले आणि टाळ्याही पडल्या. ह्या लेखाचा विषय ते वाक्य आहे.

प्रथम आमची बाजू मांडते, कारण ती खोटी नाही. मुलुंड पूर्वेला केळकर महाविद्यालयाजवळच्या भागात प्रकल्पबाधितांसाठी ७,४३९ घरे बांधण्याची महापालिकेची योजना पुढे आली. रस्ता रुंद करताना, नाला वाढवताना, पूल बांधताना ज्यांची घरे पाडावी लागतात, ते प्रकल्पबाधित. घरे सुमारे तीनशे चौरस फुटांची. एका घरात पाच माणसे धरली तर सदतीस हजार माणसे होतात. हे चालू असतानाच २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने मुलुंड, भांडुप आणि कांजूरमार्ग इथली मिळून २५५.९ एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्विकासासाठी घेण्यास मान्यता दिली. धारावीत ज्यांना घर मिळण्याचा हक्क नियमात बसत नाही, त्यांच्यासाठी ह्या जागेवर घरे व्हायची आहेत. साहजिकच आमच्याकडे सभा झाल्या, मोर्चे निघाले, सह्या गोळा झाल्या. कुर्ल्याच्या नेहरूनगर भागातही दुग्धशाळेच्या जागेवरून हेच झाले. तिथली सुमारे २१ एकर जमीन त्याच कामासाठी दिल्यावर रहिवासी झाडांसाठी आणि मोकळ्या जागेसाठी रस्त्यावर आले.

कचऱ्याची गोष्टही खरी आहे. मुलुंडची कचराभूमी १९६७ साली सुरू झाली आणि २०१८ साली बंद झाली. म्हणजे एक्कावन्न वर्षे. माझ्या लहानपणी वारा फिरला की आई खिडक्या लावून घ्यायची. पाहुण्यांना जेवायला बोलवायचे तर आधी वाऱ्याचा अंदाज घ्यायचा, ही आमच्याकडची चेष्टा होती. पण ती चेष्टा करता करता किती जणांना दमा जडला, तेही आम्ही पाहिले आहे. तेव्हा "प्रत्येक वेळी आम्हीच का?" हा प्रश्न विचारण्याचा आम्हाला अधिकार आहे, असे मी आजही मानते. मिठागरांचेही तसेच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा वेळी खाडीकाठच्या सखल, मोकळ्या जमिनी पाणी पोटात घेतात म्हणून मागची वस्ती तगते. त्यांवर इमले चढवल्यावर ते पाणी कुठे जायचे, हा प्रश्न शाळेतल्या मुलालाही पडेल. पाणीपुरवठा, मलवाहिन्या, शाळा, दवाखाने, संध्याकाळी स्थानकाबाहेर होणारी चेंगराचेंगरी हे सगळे मुद्दे अर्जात होते, आणि ते योग्यच होते.

पण टाळ्या पडल्या त्या ह्यांपैकी एकाही मुद्द्याला नव्हेत. त्या माझ्या वाक्याला पडल्या.

आमच्या वर्गात माझी एक मैत्रीण आहे. दोन वर्षे आम्ही एका बाकावर बसतो. ती माहुलहून येते, एवढे मला ठाऊक होते. माहुलला ती कशी पोहोचली हे मी कधी विचारले नव्हते. एके दिवशी मधल्या सुट्टीत मी तिला मोठ्या अभिमानाने अर्जाची प्रत दाखवली. तिने ती शांतपणे वाचली. शुद्धलेखनाची एक चूक दाखवली. मग त्या वाक्यावर बोट ठेवून म्हणाली, "अगं, ह्यात कचऱ्याच्या गाडीतून उतरवलेले कोण ते कळले. दुसऱ्या गाडीतून उतरणारी मीच ना?"

मी काही उत्तर देऊ शकले नाही. मग तिने सांगितले ते असे. तिचे घर विद्याविहारजवळ तानसा जलवाहिनीच्या कडेला होते. जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंची दहा मीटर जागा मोकळी करावी, असा न्यायालयाचा आदेश होता. २०१७ साली, ती पाचवीत असताना, घर गेले. सामान टेंपोत भरले आणि माहुलच्या वसाहतीत सातव्या मजल्यावर नेऊन ठेवले. शाळा जुन्याच ठिकाणी, तिथे दोन बस बदलून जायचे. आईची धुण्याभांड्यांची कामेही जुन्याच ठिकाणी. ती एकेक करून सुटली, कारण सकाळी सातला पोहोचणे जमेना. "नवे घर पक्के होते, संडास घरात होता, सगळे खरे," ती म्हणाली, "पण आम्हाला कुणी विचारले नव्हते, आणि जिथे नेले तिथल्यांनाही विचारले नव्हते."

माहुलची वसाहत म्हणजे ७२ इमारती, आणि शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने. त्या परिसरातली हवा लोकांच्या आरोग्याला धोकादायक असल्याचे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ सालीच म्हटले होते. तरी माणसे तिथे पाठवली जात राहिली. पुढे २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने रहिवाशांना दुसरीकडे घर द्यावे, नाहीतर दरमहा पंधरा हजार रुपये भाडे द्यावे, असा निर्णय दिला. ह्या वसाहतीतली नऊ हजारांवर घरे रिकामी राहिली. २०२५ साली ती महापालिकेच्या कर्मचाऱ्यांना विकायला काढली, तर त्यांनीही फारशी मागणी केली नाही. ज्या शहरात डोक्यावर छप्पर मिळवण्यासाठी माणूस आयुष्य वेचतो, त्याच शहरात नऊ हजार घरांना माणूस मिळत नाही!

मैत्रिणीचे बोलणे ऐकून मी घरी आले आणि अर्ज पुन्हा वाचला. ह्या वेळी लेखिका म्हणून नव्हे, तर ज्याच्याविषयी तो लिहिला होता त्याच्या जागी बसून. आणि मला जाणवले की अर्जात दोन वेगवेगळ्या गोष्टी मी एकाच धाग्यात ओवल्या होत्या. एक तक्रार होती इमारतींविषयी : किती, कुठे, कशा. दुसरी होती माणसांविषयी : कोण. पहिल्या तक्रारीला आकडे होते, नियम होते, कारणे होती. दुसरीला काहीच नव्हते, म्हणून तिला मी अलंकार चढवला.

दुसरी तक्रार खरी आहे की नाही, हे तपासायला एक सोपी कसोटी आहे. आमच्याच गल्लीत पाहा. जुन्या चार मजली इमारती पाडून तिथे बावीस मजली मनोरे होत आहेत. आमच्या समोरच्या संस्थेत सोळा बिऱ्हाडे होती. नव्या इमारतीत त्यांच्या चौपटीहून अधिक येतील, आणि प्रत्येकाची निदान एक मोटार. त्यांनाही पाणी लागेल, त्यांचाही मैला त्याच जुन्या वाहिन्यांतून जाईल, तेही सकाळी त्याच फलाटावर उभे राहतील. ह्या मनोऱ्यांविरुद्ध एकही अर्ज फिरलेला मी पाहिला नाही. उलट आमच्या संस्थेच्या सभेत चर्चा असते ती आपला बिल्डर कधी येणार आणि किती चौरस फूट जास्त देणार, ह्याची. गर्दी तीच, पण एक गर्दी आम्ही पेढे वाटून घरात घेतो आणि दुसरीविरुद्ध मोर्चा काढतो. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचा तो कार्टा, ही म्हण गृहनिर्माणालाही लागू पडते हे मला माहीत नव्हते.

आणखी एक गोष्ट. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता लवकर व्हावा, असे आमच्याकडे प्रत्येकाला वाटते. तो झाला की बाबांचा रोजचा कितीतरी वेळ वाचेल. त्या रस्त्याच्या आड जी घरे येतात ती हटली पाहिजेत, हेही आम्ही सहज बोलून जातो. पण हटलेली माणसे कुठेतरी राहणारच ना? रस्ता आमच्या दारात यावा आणि त्या रस्त्याने घरे घालवलेली माणसे मात्र आमच्या दारात येऊ नयेत, ह्याला न्याय म्हणता येत नाही.

ह्यावर एक काका मला म्हणाले, "अगं, आम्ही इथे चाळीस वर्षे राहतो. आमचा काही हक्क आहे की नाही?" हक्क आहेच. पण आमच्या घरामागून जाणाऱ्या रस्त्याचे नाव मिठागर रोड आहे. आम्ही येण्यापूर्वी इथे काय होते, ते त्या नावातच लिहिले आहे. आमच्याकडे गव्हाणपाड्याची एक आगरी मावशी मासळी घेऊन येते. तिला मी हा विषय काढून विचारले. ती हसली. तिच्या सासूच्या काळी इथे भाताची खाचरे होती, पलीकडे मिठाचे ढीग होते. मग एकामागून एक वसाहती आल्या, आणि दर वेळी गावातली म्हातारी माणसे म्हणायची की आता इथे पाय ठेवायला जागा उरणार नाही. तुमच्या इमारती झाल्या तेव्हाही तसेच म्हणाली होती, असे तिने मला मासे साफ करता करता सांगितले. म्हणजे आज आम्ही ज्यांच्याविषयी अर्ज करतो, तसेच कधीकाळी आम्हीही कुणाच्या तरी दृष्टीने होतो. फरक एवढाच की त्यांच्याकडे अर्ज लिहून देणारे कुणी नव्हते.

कुणी म्हणेल, मग काय, ह्या योजनांना मान डोलवायची? मुळीच नाही. माझे म्हणणे नेमके उलट आहे. खरा विरोध आपण केलेलाच नाही. तो कसा असायला हवा होता, ते सांगते.

मुंबईच्या २०१८ च्या विकास नियंत्रण नियमावलीत झोपडपट्टी पुनर्वसनासाठी एक अट आहे : हेक्टरी किमान ६५० घरे. पूर्वी ही संख्या ५०० होती. 'किमान' हा शब्द नीट वाचावा. सुखवस्तू वस्तीसाठी नियम असतो तो जास्तीत जास्त किती बांधता येईल ह्याचा. गरिबांसाठी नियम आहे तो कमीत कमी किती माणसे कोंबली पाहिजेत ह्याचा. ह्याचा परिणाम काय होतो? मानखुर्द-गोवंडी भागात लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड अशा पुनर्वसनाच्या मोठ्या वसाहती आहेत. तिथे दोन इमारतींमधले अंतर कित्येक ठिकाणी जेमतेम तीन मीटर. 'डॉक्टर्स फॉर यू' ह्या संस्थेने तिथे केलेली एक पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. खालच्या मजल्यांवर, जिथे ऊन आणि वारा पोहोचत नाही, तिथे क्षयरोगाचे प्रमाण अधिक असल्याचे तीत दिसून आले. झोपडीतून पक्क्या घरात आलेल्या माणसाला त्या पक्क्या घरानेच क्षय द्यावा, ह्याहून मोठी विटंबना कोणती?

आता विचार करा. आमच्या भागात जी वसाहत होऊ घातली आहे तिच्या इमारतींमध्ये अंतर किती असेल, तळमजल्यावर ऊन पडेल का, सात हजार घरांमागे शाळा किती, बालवाडी किती, दवाखाना आहे का, उद्वाहन बंद पडले तर दुरुस्तीचा खर्च कोण देणार, हे प्रश्न आमच्या अर्जात नव्हते. का नव्हते? कारण हे प्रश्न आत राहणाऱ्या माणसाचे आहेत, आणि आम्ही त्या माणसाला आत येऊच द्यायचे नाही असे ठरवून बसलो होतो. वस्तुतः ह्या प्रश्नांवर आमचे हित आणि त्यांचे हित एकच आहे. ज्या योजनेत त्यांना ऊन नाही, त्याच योजनेत आम्हाला पाणी नसणार. जो त्यांना विचारत नाही, तो आम्हालाही विचारत नाही. मैत्रीण म्हणाली ते हेच होते.

ह्यात मला एक मोठी अडचण दिसते, तीही मांडते. कोणत्याही वस्तीत नवी घरे व्हायची असतात तेव्हा सभेला येतात ते आधी राहणारे. जे उद्या राहायला येणार, ते सभेला येऊ शकत नाहीत; कारण ते अजून आलेलेच नसतात. त्यांचे नाव मतदारयादीत नसते, संस्थेच्या वहीत नसते, सहीच्या कागदावर नसते. त्यामुळे अशा प्रत्येक सभेत निर्णय एकाच बाजूला झुकणार हे ठरलेले असते, मग सभेतली माणसे कितीही सज्जन असोत. आणि आमची माणसे सज्जनच आहेत. ज्या काकांनी माझ्या वाक्याला सर्वांत आधी टाळी दिली, ते करोनाच्या काळात रोज बारा जणांचा डबा पोहोचवत होते. म्हणून मला वाटते, अर्ज लिहिणाऱ्याने निदान एक रिकामी खुर्ची समोर ठेवून लिहावे, आणि त्या खुर्चीत कोण बसणार ह्याची चौकशी करावी. मला ती चौकशी फार लांब जाऊन करावी लागली नसती. माझ्याच बाकावर ती बसली होती.

पुढच्या सभेत मी उभी राहिले. ते वाक्य काढून टाकावे आणि त्या जागी चार मागण्या घालाव्यात, अशी सूचना केली. पहिली, सगळी घरे एकाच ठिकाणी न रचता प्रत्येक विभागात थोडी थोडी बांधावीत, म्हणजे कुणाचीही शाळा आणि कुणाच्याही आईची कामे सुटणार नाहीत. दुसरी, इमारतींमधल्या अंतराचा जो नियम आमच्या मनोऱ्यांना आहे तोच त्यांनाही लावावा. तिसरी, आधी पाणी, मलवाहिनी, शाळा आणि दवाखाना, मग घरे. चौथी, मिठागरांच्या सखल जमिनीवर कुणासाठीच बांधू नये, ना गरिबांसाठी ना श्रीमंतांसाठी.

सभेत थोडा वेळ शांतता होती. मग एकजण म्हणाले, "मुद्दे चांगले आहेत, पण त्या वाक्यात जोर होता." दुसरे म्हणाले, "चौथी मागणी अशी सरसकट घातली तर उद्या आपल्याही कामाला अडचण येईल." शेवटी दुसरी आणि तिसरी मागणी पुरवणी म्हणून जोडावी, पहिली आणि चौथी समितीने विचारार्थ ठेवावी, असे ठरले. वाक्य मात्र राहिले. अर्ज आधीच पुढे गेला होता, सह्यांसकट. माझी सहीही त्याखाली आहेच. ती मागे घेण्याची काही सोय आहे का, असे मी काकांना विचारले. ते म्हणाले, "एका सहीने काय होते?" मला वाटते, हा प्रश्न त्यांनी सह्या गोळा करताना कुणाला विचारला नसता.

मैत्रिणीला मी हे सगळे सांगितले. तिने पुरवणीची प्रत मागून घेतली आणि माहुलच्या इमारतीतल्या बायकांना वाचून दाखवली. त्यांनी एक मागणी आणखी सुचवली, जी मला सुचली नव्हती : ज्यांना हलवायचे त्यांना जागा आधी दाखवावी, आणि नको म्हणण्याचा हक्क द्यावा. पुढच्या खेपेला समितीच्या सभेला तिला बरोबर घेऊन जायचे आम्ही ठरवले आहे. ती आमच्या भागातली नाही म्हणून तिला बोलू देतील की नाही, हे तिथे गेल्यावरच कळेल.

हा लेख वाचणाऱ्यांपैकी पुष्कळ जण भाषेचे विद्यार्थी आहेत. आज ना उद्या तुमच्याकडेही कुणी शेजारी येईल आणि म्हणेल, जरा झोंबेल असे लिहून दे. जरूर लिहून द्या. पण कागद देण्यापूर्वी तो एकदा अशा माणसाला वाचायला द्या, ज्याला तो झोंबणार आहे. आपले प्राध्यापक आम्हाला समास आणि अलंकार शिकवतात. अलंकार कुणाच्या अंगावर पडतो, हे त्यांनी परीक्षेत कधी विचारले नाही. विचारले असते तर मी त्या प्रश्नात नापास झाले असते.